डिसेन्स: ट्रान्समीटर उठला की बहिरा होणाऱ्या रिपीटरचा माग कसा काढायचा

दूरवरचा कुणीतरी हँडहेल्डवरून रिपीटर (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच क्षणी दुसरीवर पुन्हा पाठवणारं स्टेशन) उघडतो. पहिला शब्द स्वच्छ येतो, दुसरा खरखरीत बुडतो, तिसरा येतच नाही. हँग टाइम, म्हणजे बोलणं थांबल्यावरही ट्रान्समीटर चालू राहतो तेवढा वेळ, संपून ट्रान्समीटर पडला की त्याच माणसाचा अर्धा शब्द ऐकू येतो, रिपीटर पुन्हा उठतो आणि पुन्हा खरखर. जवळच्या दणदणीत स्टेशनांना यातलं काही जाणवतही नाही. त्यामुळे ‘रिपीटर मस्त चाललाय’ आणि ‘रिपीटर मेलाय’ अशा दोन्ही बातम्या एकाच दिवशी कानावर येतात. हे उठणं-पडणं हँग टाइमच्या तालावर होत असेल तर रिपीटर स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे बहिरा होतोय, असं धरून चालायला हरकत नाही. हाच डिसेन्स.

अशी तक्रार आली की बहुतेकांचा हात आधी डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही चालवू देणाऱ्या फिल्टरसंचाच्या) ट्यूनिंग रॉडकडे जातो. तो आवरा. नीट ट्यून होऊन आलेला आणि कुणी न हलवलेला डुप्लेक्सर आपणहून क्वचितच बिघडतो. केबल, कनेक्टर, अँटेनातले सांधे आणि पॉवर ॲम्प्लिफायर हे त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दोषी निघतात. शिवाय मोजमापाशिवाय रॉड फिरवले, की मूळचा दोष कुठला आणि आपण घातलेला कुठला, हे सांगणं कुणालाच जमत नाही. आधी साखळी तुकड्यातुकड्याने वेगळी करून मोजायची. डुप्लेक्सरवर आरोप सिद्ध झाला तरच पाना हातात घ्यायचा.

आकड्यांत हा प्रश्न केवढा आहे

२ मीटर बँडवरचा नेहमीचा रिपीटर घ्या. इनपुट १४५.०००, आउटपुट १४५.६०० मेगाहर्ट्झ, ट्रान्समीटर ५० वॅटचा आणि दोन्हींना मिळून एकच अँटेना. ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पातळी). ज्या सिग्नलसाठी हा सगळा खटाटोप तो ०.२५ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे सुमारे −११९ डीबीएम. पातळीत १६६ डीबींचा फरक आणि फ्रिक्वेन्सीत जेमतेम ६०० किलोहर्ट्झचा. ७० सेंटीमीटर बँडवर हे अंतर ५ किंवा ७.६ मेगाहर्ट्झ असेल तर काम बरंच सोपं होतं. जिथे १.६ मेगाहर्ट्झची पद्धत आहे तिथे तेवढं सुख नाही.

ट्रान्समीटर रिसीव्हरला दोन निरनिराळ्या वाटांनी छळतो. हा भेद नीट समजला की अर्धं काम झालं.

पहिली वाट कॅरिअरची, म्हणजे ट्रान्समीटरच्या मूळ लहरीची. डुप्लेक्सरने ८५ डीबी खाल्ले तरी −३८ डीबीएमचा कॅरिअर रिसीव्हरच्या तोंडाशी उरतोच. चांगलं फ्रंट एंड (रिसीव्हरचा पहिला टप्पा) तो सोसतं. रुंद फ्रंट एंडच्या स्वस्त मोबाइल सेटमध्ये मात्र आरएफ ॲम्प्लिफायर किंवा मिक्सर त्याखाली दबतो, गेन पडतो आणि कमकुवत सिग्नल गायब होतो. यावर उपाय रिसीव्हरच्या बाजूला करायचा असतो: डुप्लेक्सरच्या रिसीव्ह बाजूच्या कॅव्हिटींचा (ट्यून केलेल्या धातूच्या डब्यांचा) नॉच, म्हणजे एक फ्रिक्वेन्सी दाबणारी खाच, ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवर असतो तो याचसाठी.

दुसरी वाट नॉइजची, आणि ही जास्त फसवी. ट्रान्समीटर फक्त १४५.६०० वर पॉवर सोडत नाही. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना नॉइजचा पायघोळ घेर असतो. समजा ६०० किलोहर्ट्झवर हा नॉइज कॅरिअरच्या १४५ डीबी खाली आहे, दर हर्ट्झला. १५ किलोहर्ट्झच्या बँडविड्थचे ४२ डीबी मिळवले की हिशेब होतो +४७ − १४५ + ४२ = −५६ डीबीएम. रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज फ्लोअर काढू: −१७४ + ४२ आणि नॉइज फिगर (रिसीव्हर स्वतः किती नॉइज घालतो त्याचं माप) ६ डीबी धरली तर −१२६ डीबीएम. म्हणजे ट्रान्समीटरचा नॉइज ७० डीबींनी दाबला तर तो रिसीव्हरच्या नॉइजशी बरोबरी करतो आणि संवेदनक्षमता ३ डीबींनी घसरते. ७६ डीबींनी दाबला तर घसरण १ डीबीवर येते, ८० डीबींनी दाबला तर ०.४ वर. २ मीटरच्या डुप्लेक्सरकडून ८० ते ९० डीबींची अपेक्षा का ठेवतात, ते इथे दिसतं.

हा नॉइज बरोबर १४५.००० वर, तुमच्या सिग्नलच्या मांडीला मांडी लावून बसलेला असतो. रिसीव्हरच्या पुढे जगातला कुठलाही फिल्टर लावा, तो सिग्नलला आत सोडेल तेव्हा या नॉइजलाही सोडेल. त्याला ट्रान्समीटरच्या दाराशीच अडवावं लागतं, म्हणून डुप्लेक्सरच्या ट्रान्समिट बाजूच्या कॅव्हिटींचा नॉच रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर असतो. रिसीव्हर बदलून पाहिला, आणखी भारी रिसीव्हर आणला, तरी डिसेन्स जसाच्या तसा, या कहाणीमागे बहुधा हीच वाट असते.

या दोन्हींशिवाय एक तिसरा प्रकार आहे. सैल किंवा गंजलेला सांधा आपल्याच पॉवरखाली नवा नॉइज तयार करतो, आणि तोही रुंद पट्ट्यात. त्याचं गाऱ्हाणं पुढे येईलच.

मोजणीची तयारी

सिग्नल जनरेटर, ५० ओहमचा पुरेशा वॅटचा डमी लोड, ५० ओहमचं छोटं टर्मिनेशन, ६ डीबीचा पॅड (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा अटेन्युएटर), सिनॅड मीटर (ऐकू येणारा टोन नॉइजपेक्षा किती वर आहे ते दाखवणारा) आणि आयसो-टी एवढं सामान हवं. आयसो-टी घरी बनते: नेहमीच्या टी कनेक्टरच्या मधल्या फाट्याची पिन कापून आखूड करायची, म्हणजे जनरेटरचा सिग्नल धातूच्या स्पर्शाविना, नुसत्या कपॅसिटन्समधून मुख्य लाइनमध्ये झिरपतो. यात वीस-तीस डीबी जातात. जाऊ द्या. आपल्याला फरक मोजायचाय, निरपेक्ष आकडा नकोय. फक्त एकदा बसवलेली टी मोजणी संपेपर्यंत हलवायची नाही आणि जनरेटरची केबलही तीच ठेवायची.

टी बसवायची डुप्लेक्सरच्या रिसीव्ह पोर्ट आणि रिसीव्हर यांच्यामध्ये. जनरेटर अँटेना पोर्टवर कधीही लावू नका; पहिल्याच पीटीटीला (ट्रान्समीटर चालू करताच) त्याचा आउटपुट अटेन्युएटर जळेल.

मोजायचं ते १२ डीबी सिनॅडसाठी लागणारी जनरेटरची पातळी: १ किलोहर्ट्झचा टोन आणि ५ किलोहर्ट्झच्या सिस्टिमसाठी ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशन. सिनॅड मीटर नसेल तर स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज बंद ठेवणारं सर्किट) उघडा, स्पीकरवर एसी व्होल्टमीटर लावून नुसत्या नॉइजचं व्होल्टेज पाहा आणि मॉड्युलेशन नसलेल्या कॅरिअरने ते एक दशांशावर येईल इतकी पातळी ठेवा. हे २० डीबी क्वायटिंग. तुलनेसाठी तेवढंच भरवशाचं.

कंट्रोलरची पीटीटी वायर काढा, ट्रान्समीटर हाताने ‘की’ (म्हणजे चालू) करा आणि आवाज रिसीव्हरच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐका. रिपीटरचं आउटपुट हँडहेल्डवर ऐकून डिसेन्स मोजायला बसलात तर ट्रान्समीटर बंद असताना ऐकायला काहीच नसेल. प्रीॲम्प (रिसीव्हरच्या आधी लावलेला जादा ॲम्प्लिफायर) असेल तर सध्या पूर्णपणे बाजूला काढून ठेवा.

दोन क्षुल्लक गोष्टी आधी निकालात काढू. ट्रान्समीटर की केल्यावर रिसीव्हरच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज घसरतं का, ते मीटरने पाहा. आणि सीटीसीएसएस डिकोडर (सिग्नलमध्ये ठरावीक टोन असेल तरच रिसीव्हर उघडणारा) बायपास करा, कारण ट्रान्समिट ऑडिओ मागे झिरपून टोन बिघडला की लक्षणं हुबेहूब डिसेन्ससारखी दिसतात. डुप्लेक्सरवरचे ‘हाय’ आणि ‘लो’ पोर्टही एकदा तपासा. उलटे जोडलेले असतील तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही.

पायरी १: डुप्लेक्सर बाजूला ठेवून

ट्रान्समीटर डुप्लेक्सरपासून सोडवा आणि चांगल्या शील्डच्या केबलने थेट डमी लोडला जोडा. रिसीव्हरला आयसो-टी, तिच्या दुसऱ्या टोकाला ५० ओहमचं टर्मिनेशन. ट्रान्समीटर बंद असताना १२ डीबी सिनॅडची पातळी लिहून घ्या. हा झाला आकडा ‘अ’. आता ट्रान्समीटर की करा.

आकडा हलता कामा नये. हलला, तर आरएफ (रेडिओची ऊर्जा) अँटेनाच्या वाटेने येतच नाहीये. ती डबड्याच्या फटीतून, पॉवरच्या वायरीतून किंवा कंट्रोल केबलमधून शिरतेय. एकावर एक रचलेले दोन मोबाइल सेट आणि मध्ये बारा वायरींचा कंट्रोलर, ही या दोषाची आवडती मांडणी. रिसीव्हर वेगळ्या बॅटरीवर चालवून पाहा. सुधारला तर वाट पॉवर वायरीतून आहे. नाही सुधारला तर कंट्रोलरकडे जाणाऱ्या वायरी एकेक सोडवा, दोन्ही सेट लांब करा. कायमचा उपाय म्हणजे रिसीव्हर बंद धातूच्या डब्यात ठेवणं आणि आत जाणारी प्रत्येक वायर फीडथ्रू कपॅसिटरमधून नेणं. फेराइटचे मणी मदत करतात, पण फटीवर मण्यांचा इलाज नसतो. हा दोष मिटेपर्यंत पुढे जाऊ नका, नाहीतर पुढची प्रत्येक मोजणी खोटी येईल.

पायरी २: चार आकडे

आता सगळं पुन्हा डुप्लेक्सरला जोडा. टी जागेवरच. अँटेना पोर्टवर आधी डमी लोड लावा.

ट्रान्समीटर बंद: आकडा ‘ब’. ट्रान्समीटर चालू: आकडा ‘क’. मग डमी लोडच्या जागी अँटेनाची फीडलाइन. ट्रान्समीटर बंद: आकडा ‘ड’. चालू: आकडा ‘ई’. अँटेनावर ट्रान्समिट करताना आपला कॉलसाइन द्यायला विसरू नका.

समजा कागदावर असं आलं: ब −९०, क −८९.५, ड −८६, ई −७४ डीबीएम. आता वाचा. ब आणि क मध्ये अर्ध्या डीबीचा फरक, म्हणजे डुप्लेक्सर, ट्रान्समीटर आणि आतल्या केबल निर्दोष आहेत. ब पासून ड पर्यंत ४ डीबी गेले, आणि तेही ट्रान्समीटर बंद असताना. हा जागेचा नॉइज आहे, एलईडी दिवे, स्विचिंग पॉवर सप्लाय, शेजारची कॉम्प्युटर यंत्रणा वगैरे. त्याला डिसेन्स म्हणत नाहीत आणि डुप्लेक्सरला हात लावून तो जाणारही नाही. ड पासून ई पर्यंत १२ डीबी: हा खरा डिसेन्स, आणि तो सगळाच्या सगळा डमी लोडच्या पलीकडे, म्हणजे फीडलाइन, लाइटनिंग अरेस्टर, अँटेना किंवा टॉवर यांत आहे. अशा वेळी डुप्लेक्सर पुन्हा ट्यून करणाऱ्याने पूर्ण दिवस घालवला तरी ई −७४ च राहील.

उलट ब −९० आणि क −७८ आला, तर दोष तुमच्या समोरच्या रॅकमध्येच आहे. टॉवर चढायची गरज नाही.

अ आणि ब हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत, एक-दोन डीबींच्या आत. त्यांच्यात जास्त फरक असेल तर टीला डुप्लेक्सरकडे पाहताना ५० ओहम दिसत नाहीयेत. रिसीव्ह बाजू आपल्या फ्रिक्वेन्सीवरून सरकलेली असण्याची शक्यता इथे पहिल्यांदा पुढे येते, आणि डुप्लेक्सरवरचा पहिला खरा संशय हाच. पण त्याआधी तिथली जोडकेबल बदलून पाहा.

पायरी ३: पॅड लावून रोग ओळखणं

दोष रॅकमध्ये आहे हे कळलं. आता कॅरिअर की नॉइज? यासाठी ट्रान्समिट पॉवर कमी करून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो फारसा पटत नाही, कारण पुष्कळ सेटमध्ये पॉवर कमी केली की ॲम्प्लिफायरची चाल बदलते, कधी तो अस्थिर होतो आणि नॉइज उलट वाढतो. त्यापेक्षा ६ डीबीचा पॅड जास्त प्रामाणिक उत्तर देतो.

पॅड टी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये लावा आणि ट्रान्समीटर चालू ठेवून ‘क’ पुन्हा मोजा. आधीचा क −७८ होता असं धरू. तीन शक्यता आहेत.

क सुधारला, म्हणजे −८२-८४ च्या घरात गेला: मध्ये ६ डीबींचा अडथळा घालूनही रिसीव्हरला जास्त ऐकू येतंय. कॅरिअरने फ्रंट एंड दाबलं होतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही. रिसीव्ह बाजूला ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवरची आणखी एक नॉच कॅव्हिटी लावा किंवा जास्त दमदार रिसीव्हर वापरा.

क जवळपास तिथेच राहिला: पॅडने सिग्नल आणि नॉइज दोघांनाही सारखंच कापलं, म्हणून गुणोत्तर तेच. नॉइज इनपुट फ्रिक्वेन्सीवरच येतोय. बहुधा ट्रान्समीटरचा नॉइज, नाहीतर सांध्यातली खरखर. इथे एक पोटशंका उरते: रिसीव्हरच्या लोकल ऑसिलेटरचा नॉइज ट्रान्समीटरच्या कॅरिअरशी मिसळून हेच चित्र उभं करू शकतो. ती फेडायला रिसीव्ह बाजूला जादा नॉच लावून पाहा. सुधारलं तर दोष ऑसिलेटरचा. ढिम्म राहिलं तर ट्रान्समिट बाजूला इनपुट फ्रिक्वेन्सीवरची नॉच लावा आणि पुन्हा मोजा.

क आणखी ६ डीबींनी बिघडला, −७२ वर गेला: सिग्नल कमी झाला पण नॉइज तेवढाच राहिला. म्हणजे नॉइज पॅडच्या पुढे, थेट रिसीव्हरच्या डब्यात शिरतोय. पायरी १ नीट झाली नव्हती. परत तिथे जा.

केबल आणि कनेक्टर

साध्या एफएम स्टेशनवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेली केबल रिपीटरवर नालायक ठरू शकते. कारण इथे एकाच वेळी ५० वॅट बाहेर जातात आणि त्याच तारेतून −११९ डीबीएम आत येतात. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर टिन चढवलेल्या तांब्याची जाळी असलेली एलएमआर-४०० धाटणीची केबल लॉस कमी म्हणून लोकप्रिय आहे. पण फॉइल आणि जाळी हे दोन वेगळे धातू एकमेकांवर घासतात, केबल हलली की स्पर्श बदलतो आणि ट्रान्समिट पॉवरखाली तिथे खरखर तयार होते. डुप्लेक्स कामात ती नको. आरजी-५८ तर मुळीच नको. एकेरी जाळीतून आरएफ बाहेर गळते आणि शेजारच्या केबलमध्ये शिरते.

रॅकमधल्या जोडकेबलींसाठी चांदीच्या मुलाम्याची दुहेरी जाळी असलेल्या आरजी-२१४, आरजी-४०० किंवा आरजी-१४२ वापरा. टॉवरवर जाणारी मुख्य फीडलाइन अखंड तांब्याच्या नालीदार आवरणाची हार्डलाइन असावी. कनेक्टर एन प्रकारचे. अडॅप्टरांची रांग नको: पीएल-२५९ वरून एन, एनवरून बीएनसी असं जमवलेलं प्रकरण मोजणीच्या टेबलावर चालतं, रिपीटरवर नाही.

दोषी सांधा शोधायची एक रांगडी पण हमखास पद्धत आहे. जनरेटर बरोबर १२ डीबी सिनॅडवर ठेवा, ट्रान्समीटर की करून ठेवा, स्पीकर मोठा करा आणि स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने एकेका कनेक्टरवर टकटक करत चला. निरोगी सांध्यावर टोनमध्ये काही फरक पडत नाही. आजारी सांध्यावर पहिल्याच टकटकीला ‘खर्र’ होतं, मग कधीकधी टोन अचानक स्वच्छ होतो आणि पुढच्या टकटकीला पुन्हा घाण होतो. हा स्वच्छ होण्याचा क्षण फसवतो. त्या कनेक्टरची गळपट्टी आवळून समाधान मानू नका. तो कापून नवा लावा. कॅव्हिटींच्या झाकणांवर, ट्यूनिंग रॉडच्या लॉकनटवर आणि कॅव्हिटी एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या केबलींवरही हीच टकटक करायची. रॉडभोवतीच्या स्प्रिंगच्या बोटांवर ऑक्साइड बसलं तर आवाज नेमका तिथून येतो. ट्रान्समीटर चालू असताना उघड्या पिनांना हात लावू नका. आरएफचं भाजणं खोल जातं.

कानही तयार ठेवा. स्थिर, एकसारखी फसफस म्हणजे ट्रान्समीटरचा नॉइज किंवा कॅरिअरचा दाब. तुटक, मूड बदलणारी खरखर म्हणजे सांधा. की केल्यावर एक-दोन मिनिटांनी हळूहळू वाढणारा डिसेन्स म्हणजे काहीतरी तापतंय आणि सरकतंय.

पॉवर ॲम्प्लिफायरचे नखरे

डुप्लेक्सर ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवर ५० ओहम दिसतो. जरा बाजूला सरकलं की तो भलताच इम्पिडन्स दाखवतो. काही ॲम्प्लिफायरना ते सोसत नाही आणि ते भलत्या ठिकाणी ऑसिलेट करायला लागतात. डमी लोडवर थेट जोडलं की गुणी बाळ, डुप्लेक्सरवर जोडलं की गोंधळ, हे त्याचं लक्षण. वॅटमीटर हे दाखवत नाही, तो सगळ्यांची मिळून पॉवर मोजतो. स्पेक्ट्रम ॲनालायझर असेल तर सॅम्पलर लावून पाहा. नसेल तर ट्रान्समीटर आणि डुप्लेक्सरमधली केबल पाव तरंगलांबीने वाढवा. १४५ मेगाहर्ट्झवर आरजी-२१४ ची ही लांबी सुमारे ३४ सेंटीमीटर. एवढ्याने डिसेन्स लक्षणीय बदलला तर संशय पक्का. नेमक्या लांबीची केबल हा तात्पुरता उतारा झाला. खरा इलाज आयसोलेटर (पॉवर एकाच दिशेने जाऊ देणारा फेराइटचा घटक), आणि त्याच्यानंतर लो-पास फिल्टर, कारण फेराइट स्वतः हार्मोनिक तयार करतं.

डुप्लेक्सरची पाळी

इथवर सगळं निर्दोष निघालं आणि तरी क वाईटच आहे, तर आता डुप्लेक्सर उघडा. वॅटमीटर पाहून ट्यूनिंग करायचं नाही. त्यात फक्त पासबँड दिसतो. डिसेन्स ठरतो नॉचवर, आणि नॉच वॅटमीटरला दिसत नाही.

नॅनोव्हीएनए (फिल्टरचा वक्र दाखवणारा छोटा नेटवर्क ॲनालायझर) चालेल, पण त्याची मर्यादा ओळखून. ३०० मेगाहर्ट्झच्या खाली त्याची डायनॅमिक रेंज साधारण ७० डीबी. पूर्ण बाजूचा ८५-९० डीबीचा नॉच त्याच्या स्वतःच्या नॉइजमध्ये बुडालेला दिसेल आणि तळ कुठे आहे हे कळणार नाही. म्हणून कॅव्हिटी एकेक सुटी करून ट्यून करा: आधी पास शिखरावर, मग नॉच, मग पुन्हा पास, कारण एकाला हलवलं की दुसरा थोडा सरकतो. सगळ्या जोडल्यावर शेवटचा हात फिरवताना जनरेटर आणि रिसीव्हर वापरा. रिसीव्ह बाजू तपासायची असेल तर अँटेना पोर्टवर जनरेटरने ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल द्या, रिसीव्ह पोर्टवर त्याच फ्रिक्वेन्सीवर लावलेला एखादा संवेदनक्षम रिसीव्हर ठेवा आणि नॉच इतका खोल करा की सिग्नल मावळेल. जनरेटर अँटेना पोर्टवर चालतो तो फक्त इथेच, कारण ट्रान्समीटर जोडलेलाच नसतो. वापरात नसलेल्या पोर्टला ५० ओहमचं टर्मिनेशन हवंच; ते विसरलं की वक्र सुंदर येतो आणि खोटा असतो.

लॉकनट आवळताना रॉड किंचित फिरतो. आवळून झाल्यावर पुन्हा मोजा.

मोबाइल सेटसाठी बनवलेले छोटे, फक्त नॉच असलेले डुप्लेक्सर यूएचएफवर ५ मेगाहर्ट्झच्या अंतराला ठीक चालतात. २ मीटरवर ६०० किलोहर्ट्झला ते कितीही ट्यून केले तरी पुरणार नाहीत; तिथे मोठ्या कॅव्हिटींना पर्याय नाही. डुप्लेक्सर टाळून दोन अँटेना वापरण्याचा विचार असेल तर त्या एकाखाली एक लावा. २ मीटरवर १० मीटरच्या उभ्या अंतराने साधारण ५५ डीबी मिळतात. तेवढंच आडवं अंतर ठेवलं तर ३५ च्या आसपास, आणि त्यातूनही अँटेनांचा गेन वजा होतो. म्हणजे थोड्या कॅव्हिटी लागणारच.

डमी लोडच्या पलीकडे

आकडे सांगत असतील की दोष वर आहे, तर खालून वर एकेक तुकडा बाद करत जा. आभाळ निरभ्र असताना लाइटनिंग अरेस्टर काढून थेट जोडून ‘ई’ मोजा. गॅस ट्यूबवाला अरेस्टर कधीकधी स्वतःच गुन्हेगार निघतो. नंतर तो परत लावायचा. मग ट्रान्समीटर बंद करून, तो पुन्हा चालू होणार नाही अशी व्यवस्था करून टॉवर चढा आणि फीडलाइनच्या वरच्या टोकाला अँटेनाऐवजी डमी लोड लावा. खाली उतरून मोजल्यावर खरखर गेली तर अँटेना दोषी, राहिली तर फीडलाइन.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या पॉवरचं माप) चांगला आहे म्हणून अँटेनाला निर्दोष सोडू नका. पाणी शिरलेल्या लांब केबलचा लॉसच परत येणारी पॉवर गिळतो आणि खाली १.१ चा गोड आकडा दिसतो. फायबरग्लासच्या नळीतल्या कोलिनिअर अँटेनात आतले सोल्डरचे डाग सुटतात, नळी वाऱ्यावर वाकते आणि खरखर वाऱ्याबरोबर येते-जाते. अशा ठिकाणी उघड्या फोल्डेड डायपोलची रांग जास्त भरवशाची, निदान सांधे डोळ्यांना दिसतात.

कधीकधी अँटेना आणि केबल दोन्ही नवी, तरी खरखर जात नाही. मग टॉवरकडे पाहा. गंजलेला क्लॅम्प, सैल नटबोल्ट, नुसती टेकलेली शिडी, लोंबणारी साखळी, वापरात नसलेल्या जुन्या अँटेनाचा सांगाडा: ५० वॅटच्या शेजारी असा प्रत्येक गंजका स्पर्श डायोडसारखा वागतो. पाऊस पडला की काही दिवस बरं वाटतं, ऊन पडलं की पुन्हा सुरू, असं असेल तर खात्रीच समजा. सांधे एकतर घासून पक्के जोडा, नाहीतर इन्सुलेटर घालून पूर्ण वेगळे करा. अर्धवट टेकलेलं काहीही नको.

याच गंजक्या सांध्यात शेजारच्या ट्रान्समीटरशी संगनमतही होतं. आपलं आउटपुट १४५.६०० आणि त्याच जागेवर कुणाचा १४६.२०० चा ट्रान्समीटर असेल तर दोनदा १४५.६ वजा १४६.२ बरोबर १४५.०००: थेट आपल्या इनपुटवर. हा प्रकार फक्त दोन्ही ट्रान्समीटर एकाच वेळी चालू असताना होतो आणि नॉइजऐवजी दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. मिश्रण ॲम्प्लिफायरमध्येही होऊ शकतं. तिथे आयसोलेटर कामी येतो.

प्रीॲम्प परत लावताना

डिसेन्स १ डीबीच्या आत आला की मगच प्रीॲम्पचा विचार करा, आणि त्याआधी ब आणि ड मधला फरक पाहा. जागेचा नॉइजच ६-८ डीबी खाऊन जात असेल तर प्रीॲम्प सिग्नलबरोबर त्या नॉइजलाही मोठं करेल आणि हाती काही लागणार नाही. जागा शांत असेल तर डुप्लेक्सरनंतर आधी एक बँडपास कॅव्हिटी, मग प्रीॲम्प आणि प्रीॲम्पनंतर पॅड. २० डीबीचा प्रीॲम्प आणि १० डीबीचा पॅड ही जोडी रिसीव्हरला पुरेशी असते; पूर्ण २० डीबी आत सोडले की कॅरिअरही तेवढाच वर चढतो. लावून झाल्यावर ड आणि ई पुन्हा मोजा. ‘ई’ पूर्वीपेक्षा वाईट आला तर प्रीॲम्प काढून टाका, ‘ड’ कितीही सुधारलेला दिसला तरी.